भरल्या गाडीचा रस्ता

आमच्या गावातून माणिकपूरला जायचं तर खाजणातला बांध ओलांडावा लागायचा. दोन्ही अंगांना खारं पाणी, मधे मातीचा बांध आणि बांधाच्या पाठीवर डांबराची एक पट्टी. पट्टी एका ट्रकच्या रुंदीची. समोरासमोर दोन गाड्या आल्या की दोघांनी आपापलं डावं चाक खाली साइडपट्टीवर घ्यायचं, दोघं निघून जातात. सांगायला सोपं आहे. पण खाली उतरणाऱ्याला ते आतून लागतं, आणि उतरायचं कुणी यावरून त्या बांधावर जेवढ्या आयाबहिणी निघाल्या तेवढ्या मी बाजारातसुद्धा ऐकल्या नाहीत.

गोष्ट ऐंशी साल उलटून गेलं तेव्हाची. माझी शाळा तिसरीत सुटली. त्यानंतर म्हशी, गोठा, वाडी आणि दूध. आधी सायकलवर दूध घालायचो, मग जुनी फटफटी घेतली. आमच्या आळीत पहिली फटफटी माझी. माणिकपूरच्या वेल्डिंगवाल्याकडून मागे लोखंडी घोडी बसवून घेतली आणि तिला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकवले. कॅन लावल्यावर गाडी गाभण म्हशीसारखी रुंद व्हायची.

फटफटी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला रस्त्यावरची पायरी शिकवण्यात आली. पायी माणूस सायकलीला बघून उतरतो, सायकल फटफटीला बघून, फटफटी जीपला बघून आणि जीप ट्रकला बघून. ट्रक कुणालाच बघून उतरत नाही. मला ते पटलं नाही. मी लहानपणी बापाच्या बैलगाडीत मागे बसून बाजाराला गेलेला माणूस. गाडीवाटेवर एकच कायदा होता. समोरून गाडी आली तर रिकाम्या गाडीनं खाली उतरायचं, भरलेल्या गाडीनं वर राहायचं. रिकाम्याचं काय जातं? भरलेली कलली तर माल गेला, बैल गेला. त्यात लहानमोठं काही नव्हतं. माझ्या बापाच्या वांग्यांच्या गाडीसाठी गावच्या खोताचा रिकामा छकडा चिखलात उतरलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. खोत स्वतः वर बसलेला होता.

म्हणून मी ठरवलं की मी भरलेला असेन तर डांबरावर राहीन, मग समोर कुणी का असेना.

समोर आला तो रेतीचा ट्रक.

त्या दिवसांत नालासोपाऱ्याला इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. रेती खाडीवरून यायची. ट्रकचा ड्रायव्हर पाचूबंदरचा कोळी, माझ्याच वयाचा, दाढी नाही पण मिशा भरपूर. त्याच्या बापाची होडी होती, हा मात्र पाण्याला कंटाळून चाकावर आला होता. सकाळी तो रेती भरून उत्तरेला यायचा आणि मी दूध भरून दक्षिणेला जायचो. गाठ पडायची ती बांधावर.

पहिल्या वेळेला मी हटलो नाही, तो हटला नाही, आणि शेवटच्या क्षणी माझंच हँडल वळलं. फटफटी साइडपट्टीवर, तिथून उतारावर, तिथून खाजणात. मी चिखलात गुडघ्यापर्यंत उभा आणि समोर पाण्यावर दूध पसरत चाललेलं. निवट्या, चिखलातल्या त्या बोटभर मासळ्या, त्या पांढऱ्या पाण्यात उड्या मारत होत्या. ट्रक पुढे जाऊन थांबला होता. मी वर चढलो.

"भरलेला होतो मी. दिसत नाही?"

"मी काय रिकामा हाय? रेती हाय मागं, कापूस नाय."

"दूध आहे ते, ड्रायव्हर. रेती सांडली तर फावड्यानं भरता येते."

"मंग तुजं दूध बी फावड्यानं भर. अर्धं पानीच असल."

दूधवाल्याला काहीही बोला, हे बोलू नये. माझ्या हातात दूध मोजायचं पितळी माप होतं. ते मी त्याच्या हेडलाइटवर घातलं. काच खळकन खाली आली. तो सीटखालून टॉमी घेऊन उतरला. टॉमी म्हणजे चाक खोलायची लोखंडी सळई, डोक्यात बसली तर माणूस तिथंच संपतो. मागून टांगा येत होता. टांगेवाल्यानं आणि त्याच्या गिऱ्हाइकांनी आम्हाला दोन बाजूंना धरून ठेवलं, नाहीतर हे लिहायला मी उरलो नसतो किंवा तो तरी उरला नसता. मापाला पोचा आला तो अजून आहे.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, आम्ही त्याला देऊळच म्हणतो, देवळाच्या आवारात क्रुसापाशी माणसं उभी होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. एकानं विचारलं, "काय, खाजणातल्या माशांना दूध पाजलंस म्हणे?" सगळे हसले. मी सगळ्यांसमोर बोललो, "त्या रेतीवाल्यासाठी मी परत डांबर सोडणार नाही. मेलो तरी सोडणार नाही." हसणं थांबलं. क्रुसासमोर बोललेलं आमच्याकडे हवेत सोडून देत नाहीत. घरी येईपर्यंत बायकोला कळलं होतं.

"बोलून बसलात ना?" ती म्हणाली.

"बोललो."

"आता रोज तो येणार आणि रोज तुम्ही. बांध काय रुंद होणार आहे तुमच्यासाठी?"

तिचं बरोबर होतं, बांध रुंद झाला नाही. पुढचे कितीक महिने माझी प्रत्येक सकाळ त्या पट्टीत अडकली. पहाटे धारा काढताना डोक्यात तोच ट्रक. वाटायचं, आज त्याचा टायर फुटावा, आज त्याला ताप यावा. बांधाच्या तोंडाशी आलो की लांबून त्याच्या ट्रकचं एकडोळं तोंड दिसायचं, कारण फुटका दिवा त्यानं मुद्दाम बदलला नव्हता. मग माघार नाही. मी ब्रेक लावून आधीच कडेला थांबलो तर ते उतरणंच झालं. त्याचंही तसंच, कारण त्यानंही पाचूबंदरला जाऊन चारचौघांत काहीतरी बोलून ठेवलं होतं. दोघंही आपापल्या तोंडानं विणलेल्या जाळ्यात होतो.

सुटका व्हायची ती अशी. नाकाला नाक लावून उभे राहिलो की मागे लोक जमायचे, शिव्या घालायचे. मग तो इंचाइंचानं आपलं डावं चाक खाली घालायचा आणि मी डांबराच्या पार काठावर, पण काठाच्या आत, बोटभर आत राहून त्याच्या फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या बाजूच्या फळीला, कॅन घासत पुढे जायचो. तो म्हणायचा, दूधवाला सरकला. मी म्हणायचो, रेतीवाला उतरला. दोघांचीही गावं आपापल्या माणसावर विश्वास ठेवायची.

गंमत दुपारी व्हायची. दुपारी मी कॅन रिकामे करून परतत असायचो, तो रेती टाकून परतत असायचा. आता दोघं रिकामे. कायदा तर कायदा. मी लांबूनच फटफटी खाली मातीत घेऊन थांबायचो. तोही ट्रक खाली घेऊन थांबायचा. मधे डांबर मोकळं. तो हात करायचा, जा. मी हात करायचो, तू जा. कुणीच जायचं नाही. एकदा आमच्या मधून बस निघून गेली, खिडक्यांतून माणसं हसत होती, कंडक्टरनं दोघांनाही सलाम ठोकला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो मला अडवतोय ते मोठ्या गाडीच्या माजानं नव्हे. त्याचा कायदा आणि माझा एकच होता. त्यांच्यात खाडीच्या तोंडाशी मासळी भरून आलेली होडी आधी आत येते, रिकामी बाहेर थांबते. तो तेच रस्त्यावर चालवत होता. पण हे कळून उपयोग काय? सकाळी दोघं भरलेले. भरलेल्यासमोर भरलेला आला तर काय करायचं, हे माझ्या बापानं सांगितलं नव्हतं. त्याच्याही बापानं सांगितलेलं नसावं.

त्या सालच्या पावसाळ्यात बांधाच्या मधोमध, भरतीचं पाणी खालून जायच्या मोरीपाशी, दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या वाहून गेल्या. डांबराच्या कडेला सरळ खड्डा आणि खाली पाणी. तेवढ्या तुकड्यात चाक खाली घालायची सोयच उरली नाही. मोरीवर समोरासमोर आलात तर एकालाच मागे जावं लागणार. म्हणून आम्ही दोघं मोरी आधी गाठायला गाड्या पळवायचो. मी भरलेले कॅन घेऊन पळवायचो. बायको रात्री प्रार्थनेत माझ्यासाठी वेगळी एक नमो मरिया म्हणायची, मुलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

मोठी मुलगी त्या वर्षी दहावीला होती. आमच्या घरात तिच्याआधी दहावीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं, माझ्या भावांकडे नाही आणि बायकोच्या माहेरीही नाही. अभ्यासात हुशार, पण गणिताची धास्ती. पुढे नर्सिंगला जायचं तिनं ठरवलं होतं, आणि दहावी सुटली तरच ते जमणार होतं. नाही सुटली तर तिच्या मामीनं एक स्थळ बघून ठेवलं होतं, मुलगा चांगला होता, वाडी होती. मुलीला ते नको होतं. तिनं मला एकदाच सांगितलं, गोठ्यात, शेणाची पाटी खाली न ठेवता. "पपा, मला गणितात पास होऊ द्या, मग मी काही मागणार नाही." मी काय गणितात पास करणार? मी म्हटलं, "मी तुला वेळेवर पोचवीन."

परीक्षेचं केंद्र माणिकपूरच्या शाळेत. बाकीच्या पेपरांना ती बसनं गेली. गणिताच्या दिवशी बस आलीच नाही. नाक्यावर बराच वेळ उभी राहून ती पळत घरी आली. मी त्या दिवशी दूध भावाच्या सायकलवर आधीच पाठवलं होतं, म्हैस विणार होती म्हणून. फटफटीची लोखंडी घोडी काढून ठेवलेली. मी लुंगीवर होतो, पँट चढवली आणि गाडी बाहेर काढली. बायकोनं पोरीच्या कपाळावर पवित्र पाण्यानं क्रूस काढला. मुलगी मागे एका बाजूला बसली, मांडीवर पॅड, पॅडवर कंपासपेटी, एका हातानं माझा शर्ट धरलेला.

बांधावर आलो तेव्हा पाणी भरतीचं होतं, दोन्ही बाजूंनी वर आलेलं. समोर मोरीच्या पलीकडे तो एकडोळ्या दिसला.

"पपा, इथंच थांबा ना," मुलगी म्हणाली. "त्यांना येऊ द्या आधी."

"आपण आधी पोचतोय."

"पपा."

मी गाडी थांबवली नाही. आधी पोचलो असं मी आजही म्हणतो, पण मोरी ओलांडून होईना, कारण तोही पोचला. त्याचं बोनेट आणि माझं पुढचं चाक यांत एक हात अंतर. डांबर त्यानं भरून गेलेलं. बाजूला साइडपट्टी नाही, खड्डा आणि पाणी.

त्यानं खिडकीतून डोकं काढलं. माझ्या गाडीकडे बघितलं, मागे बघितलं.

"आज तर रिकामा हायेस. कॅन नाय, बिन नाय. हो मागं."

"मी भरलेला आहे."

"काय भरलंय?"

मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही हे मला नंतर खूप जणांनी विचारलं. अरे, एवढंच बोलायचं, पोरीची परीक्षा आहे. पण मग तो रस्ता मागितलेला झाला असता. रस्ता भरलेल्याचा असतो, गरजवंताचा नसतो. आणि ज्यानं माझ्या दुधात पाणी काढलं त्याच्यासमोर माझ्या मुलीचं नाव घेऊन मी हात जोडायचे? तो काही वाकडं बोलला असता तर ते तिच्या कानावर पडलं असतं, पेपरच्या आधी. मी म्हटलं, "भरलेला आहे म्हणून सांगितलं ना."

"नाखव्याच्या पोराला खोटं सांगतो?" तो म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

मीही बंद केलं.

मागून मुलीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "पपा, सांगा ना त्यांना."

"तू गप बस. तो हटेल."

तो हटला नाही. आणि आम्ही हट्टानं उभे असताना खरोखरच अडकलो. माझ्या मागे पेंढ्याची बैलगाडी येऊन थांबली, पेंढा एवढा रचलेला की मागचं आभाळ दिसत नव्हतं. तिच्या मागे मासळीवाल्या कोळणींचा टांगा, त्याच्यामागे अजून कोण कोण. तिकडे ट्रकच्या मागे बस येऊन उभी राहिली, तीच बस, जी आमच्याकडे यायला हवी होती. बसमागे अजून एक ट्रक. मला आता मागे जावंसं वाटलं असतं तरी जाता आलं नसतं. पुढे ट्रकचं नाक, मागे बैलांची नाकं. दोन्ही बाजूंनी पाणी. ऊन चढलं होतं. बैलांचा फुरफुराट माझ्या मानेवर येत होता आणि खाजणाचा तो कुजका वास, जो रोज लक्षातही यायचा नाही, त्या दिवशी घशात बसला.

"किती वाजले?" मुलीनं गाडीवानाला विचारलं. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. तिनं टांग्याकडे बघून ओरडून विचारलं. कुणीतरी सांगितलं. तिनं माझ्या शर्टावरचा हात काढला.

चालत जावं तर माणिकपूर लांब. शिवाय ट्रकच्या कडेनं जायलाच जागा नव्हती, फळ्यांना लटकून जावं लागलं असतं.

ती गाडीवरून उतरली. पॅड छातीशी धरून ती माझ्या पुढच्या चाकाला वळसा घालून ट्रकच्या नाकाशी जाऊन उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "काका, माझा गणिताचा पेपर आहे. दहावीचा."

ड्रायव्हरनं तिच्याकडे बघितलं. पॅडकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं. मग दार उघडून खाली उतरला आणि माझ्यावर आला.

"तोंड नाय तुला? हे भरलंय व्हय तुज्या गाडीवर?"

"मी सांगितलं होतं भरलेला आहे म्हणून."

"काय भरलंय ते नाय सांगितलंस."

"सांगायला तू कोण लागून गेलास?"

"पोरगी समजून सांगते नि बापाला अक्कल नाय." तो मागे वळून बसवाल्याला ओरडला, "ए, घे मागं. घे रे मागं, पोरीची परीक्षा हाय." बसवाल्यानं हात हलवून मागचा ट्रक दाखवला. मागच्या ट्रकवाल्यानं त्याच्या मागचं दाखवलं. बांधाच्या तोंडापर्यंत रांग लागली होती. मी गाडीवानाला म्हटलं, बैल मागे घे. तो म्हणाला, "दूधवाले, बैलाला रिव्हर्स गेर नसतो." टांग्यातल्या कोळणी हसल्या. मला हसू आलं नाही. मुलगी ओठ दाबून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी येऊन थांबलं होतं.

ड्रायव्हर वाहून गेलेल्या कडेपाशी जाऊन उभा राहिला. खाली बघितलं. मग ट्रकच्या हौद्यात चढला, ट्रकच्या डाव्या अंगाचा फाळका खाली सोडला आणि फावडं घेतलं. पहिलं फावडं खड्ड्यात पडलं. मग दुसरं.

"काय करतोस?" मी विचारलं.

"साइड बनवतो. तू तर खाली उतरनार नायस. मंग खालचंच वर आनतो."

रेती पाण्यात पडून विरघळल्यासारखी खाली जात होती. आमच्या दोन्ही गावांना हे काम नवीन नव्हतं. खाजणाच्या बांधाला भगदाड पडलं की आधी पेंढा टाकतात, वर माती, म्हणजे भरती ती ओढून नेत नाही. मी गाडीवानाकडे वळलो. त्यानं माझं तोंड बघून मी काही बोलायच्या आधीच दोन पेंढ्या ओढून खाली टाकल्या, मग अजून दोन. मी खड्ड्यात उतरलो, कमरेपर्यंत, आणि पेंढा पायानं दाबून बसवला. वरून तो रेती सोडत होता, निम्मी माझ्या डोक्यावर. मुद्दाम सोडत होता की काय कोण जाणे. कोळणींनी टोपल्यांतली मासळी टांग्यात ओतली आणि रिकाम्या टोपल्यांनी रेती ओढायला लागल्या. बसमधले लोक उतरून, ट्रकच्या फळ्यांना लटकत आले. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांना तिथून सुटायचं होतं.

"दाब, नीट दाब," तो वरून म्हणाला. "तुजीच पोरगी हाय."

"तू टाक. मला शिकवू नको."

एक चाक जाईल एवढी पट्टी तयार झाली. डांबराच्या बरोबरीला आली नाही, चार बोटं खालीच राहिली. मी ओला, रेतीनं भरलेला, फटफटीपाशी आलो. टांगेवाला, तोच ज्यानं मागे आम्हाला सोडवलं होतं, म्हणाला, "काय दूधवाले, क्रुसासमोर काय बोलला होता? आता उतरता की नाही डांबरावरून?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खरंच थांबलो. मुलगी तिथंच उभी होती आणि मी थांबलो.

ड्रायव्हर वरून म्हणाला, "कोन म्हनतो उतरतोय? रेती माजी हाय. माज्या ट्रकातली हाय. ट्रकावरनं चाललाय तो. मी साक्षी हाय."

मुलगी मागे बसली. मी किक मारली. पहिल्या गिअरात गाडी रेतीवर घातली आणि मागचं चाक रुतायला लागलं. तेवढ्यात मागून जोर आला. तो खाली उतरून, एक पाय पाण्यात ठेवून, मागून गाडी ढकलत होता. फटफटी त्याच्या फाळक्याला घासत, तिरकी होत, पलीकडे डांबरावर चढली. मोरी तिथं संपत होती, बस आणि मागच्या गाड्या साइडपट्टीवर कलून उभ्या राहिल्या आणि मला वाट मिळाली. मी मागे वळून बघितलं नाही. मुलीनं बघितलं. तिनं हात केला असावा, कारण तिचा हात माझ्या शर्टावर नव्हता.

शाळेचं फाटक बंद झालं होतं. शिपाई आत उभा होता. माझ्या अंगावरची रेती आणि चिखल बघून तो आधी मलाच ओरडला, मग पोरीला बघून फाटक उघडलं. ती पळत गेली. कंपासपेटी माझ्याच हातात राहिली. मी शिपायाला ती दिली, तो तिच्यामागे पळाला.

मी फाटकाबाहेर बसून राहिलो. पेपर सुटेपर्यंत उठलो नाही, अंगावरची रेती वाळून आपोआप गळून पडली. ती बाहेर आली तेव्हा म्हणाली, "शेवटचं राहिलं. वेळ नाही पुरला." पॅड मांडीवर घेऊन मागे बसली. परत येताना मोरीवर रेतीची पट्टी तशीच होती, मधे माझ्या चाकाचा चर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भरलेला, तो भरलेला, आणि गाठ पडली ती मोरीवरच. आता तिथं खाली उतरायला पट्टी होती, त्याचीच रेती. तो डांबरावर, मी डांबरावर. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. माझा शब्द संपला नव्हता आणि त्याचाही नाही. एका दिवसाच्या रेतीनं तो कसा संपेल? आम्ही इंजिनं बंद केली.

"कसा गेला पेपर?" त्यानं विचारलं.

"एक राहिलं म्हणते."

"तुज्यामुळं राहिलं."

"तुझ्यामुळं."

"तुज्या तोंडामुळं राहिलं. पोरीसारखं आधीच सांगितलं असतंस तर."

मागे बस हॉर्न मारायला लागली. त्यानं डावं चाक आपल्याच रेतीवर घातलं, मी काठाकाठानं निघालो, बोटभर आत. त्या दिवसानंतर भांडण मिटलं असं नव्हे. पण पहाटे धारा काढताना त्याचा टायर फुटावा असं मात्र मला वाटेनासं झालं. दर सकाळी तो विचारायचा, निकाल कधी आहे. मी म्हणायचो, तुझी नोकरी जाईल तेव्हा. पेंढा आणि रेती त्या उन्हाळ्यात चांगली बसली, लोक तिला कोळ्याची साइड म्हणायला लागले, मला ते आवडायचं नाही.

निकाल लागला तेव्हा मुलगी माझ्या आधी उठून गोठ्यात आली होती. पास झाली. गणितात काठावर, पण काठाच्या आत. "माझ्यासारखीच," मी म्हटलं, तर ती हसली आणि मग रडली, आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

त्या सकाळी मी मोरीवर त्याच्या आधी पोचलो आणि मुद्दाम मधोमध थांबलो. तो आला. त्यानं हॉर्न मारला. मी उतरलो, कॅनचं झाकण काढलं आणि ते पितळी माप, पोचा आलेलं, काठोकाठ भरून त्याच्या खिडकीशी धरलं.

"पास झाली," मी म्हटलं. "पी. पाणी लागतंय का सांग."

त्यानं माप दोन्ही हातांनी घेतलं. सगळं प्यायला, मिशा पुसल्या, आणि बराच वेळ चव घेत बसला. त्याच्यामागे बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"थोडं हाय," तो म्हणाला.

मी माप घेतलं आणि गाडीवर बसलो. त्या दिवशीही मी डांबर सोडलं नाही. तो उतरला. तो काय सांगायचा ते त्याच्या गावात विचारा.